रात्री जीव घाबरा होऊन जाग आली तर

हे तुम्ही मध्यरात्री, छातीत धडधडत असताना वाचत असाल तर आधी एवढंच करा. उठून बसा. पाठ भिंतीला टेकवा, तळपाय फरशीवर ठेवा. हवा आत ओढायची धडपड सोडा. ओठांचा चंबू करून, मनात सहापर्यंत आकडे मोजत श्वास सावकाश बाहेर सोडा, मग नाकाने चार मोजेपर्यंत आत घ्या. पाच मिनिटं एवढंच. बाकीचं उद्या उजेडात वाचा.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. असं आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, छातीत दाब असेल आणि कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, गार घाम सुटला असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा आधीपासून हृदयाचा आजार असेल तर श्वास मोजत बसू नका, १०८ लावा. बायकांमध्ये कधीकधी छातीत फारसं दुखत नाही, मळमळ आणि धापच जास्त असते. गॅस समजून सकाळपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. आयर्विन पुलाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि आमच्याकडे ४५ फुटांनाच धोका म्हणतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. माल वरच्या मजल्यावर चढवणं, इन्सुलिन गार राहील अशा ठिकाणी हलवणं, नंतर चिखल काढणं, हे सगळं शांत डोक्याने केलं. त्रास सुरू झाला तो दुकान परत लागल्यावर, सगळं सुरळीत झाल्यावर. झोप लागून तास-दीड तास झाला की खाडकन जाग यायची. स्वप्न काही नाही. हृदयाचे ठोके कानात ऐकू यायचे, बोटांना मुंग्या, घसा कोरडा, आणि आता आपण जाणार ही पक्की खात्री. मग पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. पुढे पुढे तर संध्याकाळी दुकानाचं शटर ओढतानाच पोटात गोळा यायला लागला.

काउंटरवर हीच गोष्ट मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू येते. "ताई, रात्री गॅस वर चढतो, काहीतरी द्या." "वहिनी, झोपेची एकच द्या, उद्या चिठ्ठी आणतो." अशा सगळ्यांना काउंटरवर उभ्या उभ्या सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे: रात्रीच्या या भीतीच्या झटक्यापासून, म्हणजे पॅनिक अटॅकपासून वाचण्यासाठी आपण जे जे करतो, त्यातलं बरंचसं त्याचा मुक्काम वाढवतं. त्याला येऊ आणि जाऊ द्यायला शिकलं की झोप हळूहळू आपोआप परत येते.

आधी शरीर तपासून घ्या

फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि साखर एवढं तरी एकदा बघून घ्या. थायरॉईड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते. इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांची साखर रात्री उतरली तर घाम, थरथर, धडधड अगदी पॅनिकसारखीच दिसते. अशा माणसाने ग्लुकोमीटर लावून बघायचंच, आणि ७० च्या खाली आकडा असेल तर लगेच साखरेचं पाणी घ्यायचं. जो जोरात घोरतो आणि गुदमरून उठतो, दिवसभर पेंगतो, त्याने स्लीप ॲपनियाबद्दल, म्हणजे झोपेत मधेच श्वास थांबण्याबद्दल, विचारावं. घशाशी आंबट पाणी येत असेल तर रात्री दहाला जेवण आणि साडेदहाला आडवं होणं हेच कारण असू शकतं. पाळी जायच्या वयात रात्री अंगातून वाफा निघतात, त्यानेही जाग येते. माझ्या बाबतीत हेही होतं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्यावर त्यातला गुंता सुटला.

चालू औषधांची यादीही एकदा डॉक्टरांना किंवा तुमच्या औषधवाल्याला दाखवा. दम्याचा पंप गरजेपेक्षा जास्त वेळा मारला की छाती धडधडते. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं ते झोप उडवतं. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्र जागून काढावी लागते. डॉक्टर बहुतेकदा ती सकाळीच द्यायला सांगतात. थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला तरी हेच.

घरात याला आणखीही नावं दिली जातात. सासूबाईंनी माझी मीठ-मोहरीने दृष्ट काढली आणि मी आनंदाने त्यांच्यासमोर पाटावर बसले. दुसऱ्या दिवशी ईसीजीही काढला. दोन्हींचं काही भांडण नाही, फक्त ईसीजी राहता कामा नये.

शरीरात नेमकं काय चाललेलं असतं

वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं आणि आठवतं. जाग आली पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, तो स्लीप पॅरालिसिस; तो भीतीदायक असला तरी थोड्या वेळात सुटतो. रात्रीचा पॅनिक अटॅक यांहून वेगळा. तो साधारणपणे झोपेच्या पहिल्या काही तासांत, हलकी झोप गाढ होत असताना येतो आणि माणूस पूर्ण जागा होतो. झोपेत श्वास आणि ठोके थोडे बदलतातच. ज्याचा मेंदू आधीच पहाऱ्यावर बसलाय, तो या बदलालाच धोका समजून ॲड्रेनालिन, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणारं रसायन, सोडतो.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये याची मांडणी केली ती मला फार पटते. धडधड झाली, 'हार्ट अटॅक आला' असा अर्थ लावला, त्या अर्थाने आणखी भीती, भीतीने आणखी धडधड. ही साखळी तोडायची तर अर्थ लावतो तिथे तोडावी लागते.

मुंग्यांचंही समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथे घाबरतात. आपण भराभर श्वास घेतो तेव्हा रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, हवा पुरत नाही असं वाटतं. ऑक्सिजन तेव्हा पुरेसा असतो. म्हणून मोठमोठे श्वास घेऊन त्रास वाढतो आणि सावकाश सोडल्याने कमी होतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय मात्र करू नका. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर तो अंगाशी येतो.

पुराचं पाणी चढतं, एका जागी थांबतं आणि उतरायला लागतं. हा अटॅकही तसाच आहे. बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत तो शिगेला पोचतो आणि मग आपण काही केलं नाही तरी उतरतो. अंगाची थरथर आणि थकवा तास-अर्धा तास राहू शकतो. त्याला 'परत आला' समजू नका.

त्या दहा मिनिटांत

बसा, श्वास बाहेर सोडा, आणि जे होतंय ते साध्या शब्दांत हळू आवाजात म्हणा. मी म्हणते, "छाती धडधडतेय. तळहात ओले झालेत. ॲड्रेनालिन चढलंय, उतरेल." 'थांब, थांब' असं त्याला विनवू नका. आणखी चढायचं असेल तर चढू दे, अशी तयारी ठेवली की तो लवकर उतरतो. हे लिहायला सोपं आहे, करायला सुरुवातीला अतिशय अवघड जातं, आणि पहिल्या काही वेळा जमणारही नाही. तरी करत राहा.

नाडी मोजू नका. आमच्या घरी कोविडपासून ऑक्सिमीटर आहे; तो मी उशाजवळून काढून माळ्यावर ठेवला. बीपीचं मशीनही रात्री नको. घाबरलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच दिसणार आणि तो आकडा पाहून आणखी घाबरायला होणार. डॉक्टरांनी मुद्दाम मोजायला सांगितलं असेल, किंवा मधुमेहींचा ग्लुकोमीटर, हे वेगळं. मोबाइलवर लक्षणं शोधणं, देव्हाऱ्यासमोर जाऊन नवस बोलणं, मुलांना उठवणं, गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभं राहणं, या प्रत्येक गोष्टीतून मेंदूला एकच निरोप जातो: धोका खरा होता आणि या गोष्टीमुळे वाचलो. मग पुढच्या वेळी तो आणखी लवकर जागं करतो.

शेजारी झोपणाऱ्या माणसाशी दिवसा बोलून ठेवा. आमच्या ह्यांचा स्वभाव लगेच धावपळ करण्याचा. दिवा लावणार, पाणी आणणार, "काय होतंय? दवाखान्यात जायचं का? शेजारच्या डॉक्टरांना उठवू का?" सगळं मायेपोटीच, पण प्रत्येक प्रश्नाने माझी भीती वाढायची. मग आम्ही ठरवलं. मोठा दिवा लावायचा नाही, काही विचारायचं नाही, माझ्या पाठीवर हात ठेवायचा आणि एकदाच म्हणायचं, "मी आहे. उतरेल." त्यांनाही त्याने बरं वाटलं, कारण काय करायचं ते नक्की झालं.

उतरल्यावर लगेच अंथरुणात लोळू नका

झोप येत नसताना अंथरुणात तळमळत पडलं की अंथरूण म्हणजे तळमळ अशी शरीराला सवय लागते. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये यावर जो उपाय मांडला तो आजही वापरतात. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा, मंद उजेडात काहीतरी संथ करा, आणि डोळे जड झाले की मगच परत या. परत झोप नाही लागली तर परत उठा. वीस मिनिटं घड्याळात बघायची नाहीत, घड्याळ भिंतीकडे फिरवूनच ठेवा.

मी वाती वळते. स्वयंपाकघरात छोटा दिवा, कापसाची पेटी, आणि एकेक वात. कुणी कपड्यांच्या घड्या घालेल, कुणी नामस्मरण करेल. टीव्ही, मोबाइल आणि दुकानाचा हिशोब नको. थंडीत उठायचा कंटाळा येतो, म्हणून शाल आणि सतरंजी आधीच काढून ठेवा.

खरं काम दिवसा

ज्या संवेदनांची भीती वाटते त्या दिवसाढवळ्या, स्वतःच्या मर्जीने अंगात आणायच्या. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचारपद्धतीतला हा भाग आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गुण यानेच येतो. हृदयविकार, दमा, फिट्स येणं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

मी गोडाऊनचा जिना भराभर चढउतार करायची, छाती धडधडेपर्यंत, आणि मग पायरीवर बसून ठोके आपोआप कमी होताना नुसतं बघायची. दुसरा प्रकार म्हणजे नाक धरून शहाळ्याच्या स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेणं. रात्रीसारखंच गुदमरल्यासारखं वाटतं. तिसरा, फिरत्या खुर्चीत गरगर फिरून चक्कर आणणं. प्रत्येक वेळी वहीत लिहायचं: काय झालं, किती भीती वाटली, शेवटी काय घडलं. शेवटच्या रकान्यात दर वेळी 'काही नाही' असंच लिहावं लागतं. तो रकाना भरत गेला तसं रात्री ठोक्यांचा आवाज ऐकून वाटणारी भीती उणावत गेली. सुरुवात सोबतीला कुणी असताना करा, आणि जमलं तर मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

प्राणायामाबद्दल विचारतात. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी सावकाश करा, चांगलंच आहे. कपालभाती मात्र या दिवसांत सुरू करू नका. त्यातला जलद श्वास काहींना थेट अटॅकसारखा वाटतो.

झोपेचं वेळापत्रक

उठण्याची वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी तीच ठेवा. रविवारीही. झोपण्याची वेळ मागाहून नीट होते. आमच्या पेठेत दुपारी दुकान बंद करून, जेवून तासभर आडवं व्हायची रीत आहे. ती वामकुक्षी मी बंद केली, आणि पहिले काही आठवडे जीव नकोसा झाला. अगदीच हवी असेल तर तीनच्या आत, वीस मिनिटं, खुर्चीत बसून. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणून चारचा चहा शेवटचा. झोपेसाठी दारू घेणाऱ्यांना सांगते, ती झोप लवकर लावते आणि उत्तररात्री मोडते, आणि उतरताना धडधड वाढवते.

अंथरुणात आठ तास आणि झोप साडेपाच तास असं असेल तर अंथरुणातला वेळच कमी करायचा. आर्थर स्पिलमन यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. समजा, रात्री साडेअकराला पाठ टेकायची आणि साडेपाचला उठायचं. त्या सहा तासांतला बहुतेक वेळ झोप लागू लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. साडेपाच तासांच्या खाली जायचं नाही. गाडी चालवणारे, यंत्रावर काम करणारे, फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असणारे यांनी हे स्वतःहून करू नये. निद्रानाशासाठीच्या या सगळ्या पद्धतीला सीबीटी-आय म्हणतात, आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार सुचवला आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे आणखी एक गोष्ट असते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आयर्विनला किती फूट झालं, रात्रभर ग्रुपवर मेसेज. पाणी खरंच चढत असेल त्या रात्री जागलंच पाहिजे. पण जुलै-ऑगस्टच्या प्रत्येक रात्री नको. आमच्या घरात आता हे काम धाकट्या दिरांकडे आहे. त्यांचा फोन फक्त गरज असेल तेव्हा येतो, आणि माझा मोबाइल मोठ्या रिंगवर बाहेरच्या खोलीत असतो. तुमची काळजी पुराची नसेल, कर्जाची असेल, मुलाच्या नोकरीची असेल. तिलाही संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं द्या, वहीत लिहा, उद्या काय करणार तेही लिहा, आणि वही मिटा.

गोळ्यांबद्दल, काउंटरच्या आतून

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची आणि चिंतेची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या कडक सरकारी यादीत आहेत. २०१४ पासून यांची नोंद वेगळ्या रजिस्टरात करावी लागते, डॉक्टर आणि पेशंटच्या नावासकट, आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. चिठ्ठीशिवाय कुणी 'नाही' म्हणालं तर रागावू नका, त्याने तुमचं भलंच केलंय. या गोळ्या, आणि क्लोनाझेपामसुद्धा, थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतात तेव्हा उपयोगी पडतात. रोजच्या झाल्या की सवय लागते, डोस वाढत जातो. बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायच्या असतात. दारूबरोबर किंवा कोडीनच्या खोकल्याच्या औषधाबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांना झोपेसाठी ॲव्हिल ही ॲलर्जीची गोळी देणं थांबवा, त्याने भ्रम होतो आणि ती पडतात. धडधडीसाठी शेजाऱ्याने दिलेली प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याने तर अजिबात घेऊ नये.

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी चिंता-नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांची अशी सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढू शकते. नेमकं तेव्हाच लोक येऊन म्हणतात, "ताई, ही गोळी मला सोसत नाही." डॉक्टरांना फोन करा, डोस कमी करून सुरुवात करता येते. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. मला काही काळ ही गोळी लागली, आणि ती मी माझ्याच दुकानातून, माझ्या नावाच्या चिठ्ठीवर, सगळ्यांसमोर घेतली.

कुणाकडे जायचं

जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे जा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी हा नंबर लावा आणि घरातल्या माणसाला उठवा. त्या वेळी सगळ्यांना उठवायचंच.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: कधी पाठ टेकली, कधी जाग आली, अटॅक किती वेळ राहिला, त्या दिवशी चहा किती, कुठली औषधं घेतली. घरच्या माणसाकडून घोरण्याबद्दल विचारून घ्या. आणि गोळीबरोबर सीबीटी कुठे मिळेल ते स्वतःहून विचारा, कारण ओपीडीच्या गर्दीत ते सांगायचं राहून जातं.

मधे बरेच महिने चांगले जाऊन एखाद्या रात्री परत अटॅक येईल. मला मुसळधार पावसाच्या रात्री अजून येतो. तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं असं धरून चालू नका. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेलाच उठा, दुपारी झोपू नका, आणि जिन्याचा सराव आठवडाभर पुन्हा करा.